मांडवाच्या दारी घेतलेलं एक नाव

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात पाहुण्याला चहा-पाणी नंतर मिळतं, आधी त्याला त्याचं नाव मिळतं. पाहुणा दारात आला की गाणारी बाई त्याचं नाव आणि गाव गाण्यात घेते, आणि मगच तो आत पाऊल टाकतो. नाव न घेता आत आलेला माणूस जेवून जातो, आहेरही करतो, पण पुढे कैक वर्षं ते बोलून दाखवतो. माझ्या एका चुलत आत्याने एवढ्याच कारणावरून सख्ख्या भाचीच्या घरचं पाणी सोडलं होतं. कॉलेजात असताना मला हा सगळा मूर्खपणा वाटायचा. आता वाटत नाही, कारण खरा मूर्खपणा कसा दिसतो ते मी नंतर जवळून पाहिलं.

ही लग्नाची गाणी म्हणजे धवले, आणि ते गाणारी ती धवलारीण. माझी आई राईची धवलारीण. राई म्हणजे भाईंदर पश्चिमेला खाडीच्या कडेचं आमचं गाव. अर्धं अजून गाव आहे, अर्ध्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्यात. आईचा आवाज गोड नाही. जाड आहे, खणखणीत आहे. 'तुज्या आयचा आवाज खारीपल्याड जातो,' असं बाबा म्हणायचे आणि ते काही कौतुक नसायचं. तिला मात्र ते कौतुकच वाटायचं. पावडर लावल्याशिवाय ती मांडवात जायची नाही, बेंजोवाल्यांशी भांडल्याशिवाय परत यायची नाही, आणि यजमानांनी दिलेली साडी हलकी निघाली तर आठवडाभर त्या घरावर तोंडसुख घ्यायची. बाबा गेल्यावर दोघी-तिघींनी तिला आडून सुचवलं, की आता पुरे कर. 'माजा नवरा गेलाय, गला न्हाय गेला,' असं त्यांना ऐकवून पुढच्याच लग्नाला ही पावडर लावून हजर. गाणं हा तिचा छंद नव्हता. गावात तिची जी काही जागा होती, ती त्या गाण्यामुळेच होती.

माझा गळा म्हणजे फुटकं घमेलं. धवलारणीची मुलगी असून मांडवात माझ्याकडे एकच काम आलं, ते म्हणजे नाव सांगायचं. आई गाण्यात रंगलेली असते, दारात कोण आलं हे पाहायला तिला सवड नसते. म्हणून तिच्या कानाशी एकजण उभी राहते आणि येणाऱ्याचं नाव-गाव हळूच सांगते. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ते करत आले. आता भाईंदरच्या एका शाळेत ऑफिसात काम करते, बिल्डिंगीत राहते, शेजाऱ्यांशी दिवसभर हिंदी बोलते. पण लग्नसराई आली की रजा टाकून आईच्या कानाशी उभी. या कामाचा एकच नियम आहे. नाव सांगणारीने नावं निवडायची नसतात. दारात दारुडा आला, कोर्टात आपल्याविरुद्ध केस लढवणारा चुलता आला, तरी त्याचं नाव सांगायचं आणि आईने ते मानाने घ्यायचं. भांडण मांडवाबाहेर, ते नंतर आहेच.

गाण्याच्या बाई आमच्या आयुष्यात आल्या त्या अशाच एका लग्नात. बाई मूळच्या दादरच्या, आता मीरा रोडला एका मोठ्या सोसायटीत राहतात आणि तिथे बायकांना गाणं शिकवतात. कुणाच्या तरी बरोबर हळदीला आल्या होत्या. आईचं गाणं ऐकून त्या जेवायच्याच विसरल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हे बाहेर जायला हवं." आई म्हणाली, "भायेर म्हंजे? मुर्ध्याला तर मी जातेच." मुर्धा म्हणजे आमच्या वेशीला लागलेलं गाव. बाईंना म्हणायचं होतं, देशाबाहेर.

परदेशात लोकगीतांची एक मोठी स्पर्धा होते. प्रत्येक देशाकडून एकच गट. आपल्या देशाचा गट निवडणारी एक संस्था होती, तिच्याकडे बाईंनी आईचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. मला वाटलं, झालं, दिल्लीच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरात ते धूळ खात पडणार. पण निवड झाली. भारताची एन्ट्री म्हणून राईच्या चार बायका, त्यात पुढे आई, आणि तिच्यामागे झील धरणारी आमची काकी. काकी आयुष्यभर आईच्या मागे उभी राहून शेवटचे शब्द उचलत आली आहे, घरातही आणि गाण्यातही. बातमी ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "तिकरं सुकट नेव देतील काय?"

पहिली फेरी इंटरनेटवरून होती. मीरा रोडच्या एका हॉलमध्ये बाईंनी मोठा पडदा लावला होता. त्यावर चौकोन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकेका देशाची माणसं बसलेली. कुणी पिसांची टोपी घातलेली, कुणी मांडीवर वाद्य घेतलेलं. पाळीपाळीने गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बाईंनी आमचं गाणं वेळेत बसवण्यासाठी कापूनकुपून ठेवलं होतं. आधी देवांना आवतण, मग लगेच नवरीचं कडवं, संपलं. महिनाभर आईने ते तसंच म्हटलं होतं, कुरकुरत का होईना.

त्या दिवशी गाणं सुरू करायच्या आधी आईने पडद्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "ही कोन मानसां?"

"गाणारी हान, आये. देशोदेशीची. आपलं गानं ऐकाया बसलीत."

"आपलं गानं ऐकाया आयलीत," ती म्हणाली. मग पदर सारखा करत, "म्हंजे पावनंच."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आईने देवांना आवतण दिलं. ते संपलं, काकीने झील धरली, आणि आता नवरीचं कडवं यायचं तिथे आईने डोळे पडद्यावर लावून दुसराच सूर उचलला. 'मांडवाचे दारी गो, कोन पावनं आयलं?' आणि डोकं जरासं माझ्याकडे कलतं केलं. लहानपणापासूनची सवय. तिचं डोकं कललं की माझं तोंड उघडतं. चौकोनांखाली देशांची नावं लिहिली होती, ती मी एकेक करून तिच्या कानात सांगत गेले. श्रीलंकेचं पावनं आयलं, त्यांना पाट गो मांडा. जपानचं पावनं आयलं, त्यांना पाट गो मांडा. बाई पलीकडून हातवारे करत होत्या, घड्याळ दाखवत होत्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशी आई दुसऱ्याच्या मांडवात सगळ्या जगाला पाट मांडत सुटली होती. मला हसू आवरत नव्हतं.

त्या चौकोनांत आपल्या शेजारच्या देशाचाही एक होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. तिथे डोक्यावरून ओढणी घेतलेली, आईच्याच वयाची एक बाई पुढे बसली होती. तिचा देशही मी सांगितला आणि आईने तोही घेतला. भाषा तिला काय कळणार, पण स्वतःच्या देशाचं नाव तर कळलं. तिने छातीवर हात ठेवला आणि मान लववली. आईनेही गाता गाता हात जोडले. मग पुढचा देश. मला या गोष्टीचा आजही पश्चात्ताप नाही. सगळ्यांची नावं घेऊन तिचं एकटीचं गाळलं असतं, तर त्या दिवशी मी आईच्या कानाशी उभी राहायला नालायक ठरले असते.

बाई रडवेल्या झाल्या होत्या, की वेळ संपली, आता बाद होणार. झालं उलटंच. परीक्षकांनी नेमकं तेच कडवं उचलून धरलं. इतक्या गाण्यांत तुम्हीच आमचं नाव घेतलंत, असं बाकीच्या देशांच्या लोकांनीही कळवलं. आमचा गट अंतिम फेरीला गेला, त्या ओढणीवाल्या बाईचाही गेला. आता विमानात बसून जायचं होतं.

मग काय विचारता! राईच्या नाक्यावर आमच्या नगरसेवकाचा बॅनर लागला. 'राईच्या सुकन्येची सातासमुद्रापार झेप.' सुकन्या सत्तरीची, आणि तिच्या फोटोपेक्षा नगरसेवकाचा फोटो तिप्पट. तरी आई रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून नाक्यावरून चक्कर मारून यायची. पासपोर्ट आला तो तिने अख्ख्या आळीला दाखवला, आमच्याकडे पाणी प्यायला थांबलेल्या गॅसवाल्यालाही दाखवला. विमानात पावडरचा डबा जवळ ठेवू देतात की नाही, हे तिने मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी चिडले. मी तिला इतकी खूश आयुष्यात पाहिली नव्हती. बाबा असतानाही नाही.

मग सीमेवर जे घडायचं ते घडलं. माणसं मेली. टीव्हीवर दिवसभर तेच. एका मेलेल्या जवानाची आई टीव्हीवर आली, ती आमच्यासारखीच खेड्यातली, पदर तोंडात धरून बसलेली. तिला बघून आई त्या दिवशी जेवली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तिच्याबद्दल जे जे बोललं गेलं त्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

त्या आठवड्यात कधीतरी कुणीतरी त्या फेरीच्या व्हिडिओतून आईचा तुकडा कापला. श्रीलंका नाही, जपान नाही. फक्त त्या एका देशाचं नाव, 'पाट गो मांडा', आणि आईचे जोडलेले हात. वर हिंदीत लिहिलं होतं, की आपले जवान मरतायत आणि भारताच्या नावावर ही बाई शत्रूला पायघड्या घालतेय. मला तो तुकडा पहिल्यांदा आला शाळेतल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून. तिला माहीत नव्हतं की ही माझी आई आहे. माझ्या डब्यातले बोंबील ती दर बुधवारी हक्काने खायची. ते आईनेच करून पाठवलेले असायचे. तिने खाली लिहिलं होतं, 'काही लाजच नाही लोकांना. पुढे पाठवा.'

मी मोबाइल पालथा ठेवला आणि पुढ्यातलं रजिस्टर भरायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत तो तुकडा गावाच्या ग्रुपवर आला, माझ्या बिल्डिंगीच्या ग्रुपवर आला. ज्यांना आमची भाषा कळत नाही त्यांनी तिचे अर्थ लावले. ज्यांना कळते, ज्यांच्या स्वतःच्या हळदीला आईने नावं घेतली होती, ज्यांना पक्कं ठाऊक होतं की ही आमची मांडवाची रीत आहे, ते गप्प बसले. मी खरी चिडते ती यांच्यावर. अनोळखी माणसाने चिखल उडवला तर धुता येतो. राईतल्या एकाने जरी लिहिलं असतं, 'अरे, हे आमच्याकडे असंच गातात,' तरी मला पुरलं असतं. मी लिहिलं. मला आधी शिव्या पडल्या, मग ग्रुपवरून काढून टाकलं.

नाक्यावरचा बॅनर उतरला. सकाळी पाहावं तर तिथे कुठल्याशा उपवासाच्या शुभेच्छा, फोटो मात्र तोच. संस्थेचा बाईंना फोन आला. सध्याच्या वातावरणात तुमच्या गटाने माघार घेतलेली बरी. आणि गायिकेने माफी मागितल्याचा एक व्हिडिओ द्यावा, म्हणजे विषय मिटेल. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी देतात आणि वर संन्याशानेच 'आभारी आहे' म्हणायचं असतं. बाई कागदावर माफी लिहून घेऊन आल्या. हिंदीतून. त्यांच्या सोसायटीत क्लासच्या निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या होत्या. मी त्यांच्यावर ओरडले, खूप ओरडले, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

आईने कागद घेतला नाही. तिला वाचायला येत नाही. तिने बाईंना विचारलं, "माजी चूक काय झायली, ता सांगा. म्हंजे परत न्हाय करनार."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काकीकडे बघायला लागले. काकी जमिनीकडे. आई खरंच विचारत होती. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आयुष्यभर तोंडाने कुणाला हार न गेलेली बाई शाळेतल्या मुलीसारखी उत्तराची वाट बघत उभी होती. शेवटी बाई म्हणाल्या, "मावशी, चूक तुमची नाहीये. वेळ वाईट आहे." आई म्हणाली, "वेलेची माफी मी मागू?"

पण मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती, मोबाइल वर धरून. काही बिल्डिंगींतली, काही अशी की कुठून आली कुणास ठाऊक, आणि दोन-तीन आपल्याच आळीतले, मागे उभे. माझ्या भावाने दार लावून घेतलं होतं. पण त्याचं दुकान याच नाक्यावर आहे आणि त्याची पोरं याच रस्त्याने शाळेत जातात. आईनेच दार उघडायला लावलं. बाईंनी वाक्य सांगायचं आणि आईने मागून म्हणायचं, असं ठरलं. "मेरे से गलती हो गया. मेरे को मालूम नहीं था. मेरा देश सबसे पहले." तिच्या हिंदीला कुणीतरी हसलं.

एवढ्यात दुसरी चार माणसं आली. ती मराठीवाली. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्रात राहून, आपल्या गावच्या अंगणात, मराठी बाईने हिंदीत माफी का मागायची? मला क्षणभर वाटलं, चला, कुणीतरी आलं आपल्या बाजूने. मी एक पाऊल पुढेही झाले. तर त्यांचा नेता म्हणाला, "मावशी, माफी मराठीत मागा." अंगणात त्यावरून बाचाबाची झाली. हिंदीवाले म्हणाले, एकदा झाली तेवढी पुरे. मराठीवाले म्हणाले, ती मोजली जाणार नाही. माझ्या आईसमोर, तिच्या तुळशीपाशी, तिने कुठल्या भाषेत नाक घासायचं यावर ते भांडत होते. शेवटी आईने दोनदा माफी मागितली. आधी हिंदीत मागितली होती, मग मराठीत मागितली. मराठीतली बाईंनी सांगितली नव्हती, ती तिची तिनेच केली. ती एवढंच म्हणाली, "मी कुनाचा नाव घेतला, चुकला. आता न्हाय घेनार."

माणसं गेल्यावर ती आत येऊन कोयता घेऊन बसली आणि मावरं साफ करायला लागली. काकी म्हणाली, "झायलं एकदाचं." आईने पुढचा मासा हातात घेतला.

स्पर्धा झाली. आपल्या देशाची जागा रिकामी राहिली, की दुसरं कुणी गेलं, मी शोधलं नाही. शोधलं ते एवढंच, की त्या ओढणीवाल्या बाईचं काय झालं. कारण आईने विचारलं होतं, "तिना पन बोल्ले असतील का गो?" तिच्या व्हिडिओखाली तिकडच्या लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते मी मोबाइलवर भाषा बदलून वाचलं. त्या बाईने आईसमोर मान लववली म्हणून तिला घातलेल्या शिव्या इतक्या ओळखीच्या होत्या, की भाषा बदलली नसती तरी चाललं असतं. तिचा गटही गेला नव्हता. मी आईला सांगितलं, "तिला काय न्हाय झालं, ती बरी हाय." ती म्हणाली, "बरां झालां," आणि तिने ते मनापासून म्हटलं.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई लागली. दरवर्षी या दिवसांत आमच्या ओटीवर गाण्याची सुपारी घेऊन येणाऱ्यांची रीघ असायची. या वर्षी कुणी आलं नाही. कुणाचा राग होता असं नाही. राग असता तर आईने भांडून तो काढला असता. त्यांना फक्त भानगड नको होती. रस्त्यात भेटले की हसायचे, "या साली पोरांनी डीजेच सांगितला बगा," असं म्हणून पुढे सटकायचे. डीजे पोरांनी सांगितला होता हे खरंही असेल. पण मुर्ध्याची धवलारीण, जिला आई तोंडावर बेसूर म्हणायची, ती दोन लग्नांत आमच्याच आळीत येऊन गाऊन गेली. आई तेव्हा खिडकीशी बसून होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, त्या बाईच्या आवाजाची साल काढेल. मी वाट बघत होते. ती म्हणाली, "बरी गाते ती." मी मोरीत जाऊन रडले. आईला मी म्हातारी झालेली पाहिली, आजारी पाहिली, बाबांच्या अंगावर पडून रडताना पाहिली; पण इतकी संपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

घरातही ती गुणगुणेनाशी झाली. भाकऱ्या थापताना, तांदूळ निवडताना तिच्या तोंडात सदा काहीतरी असायचं, आम्ही वैतागायचो. आता ते घर इतकं शांत असतं, की शनिवारी मी तिथे गेले की उगीच टीव्ही लावते. गाण्याच्या बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की आता पुण्याला मुलाकडे राहायला जातायत. आईने त्यांची ओटी भरली.

मग फाल्गुनात एक बोलावणं आलं. आमच्या मागच्या आळीतलं लग्न होतं. नवऱ्या मुलाची आजी हट्टाला पेटली होती, की माझ्या हळदीला हिच्या सासूने गायलं, माझ्या लेकाच्या हळदीला हिने गायलं, नातवालाही हीच गाईल, नाहीतर मी मांडवात यायची नाही. आई नको म्हणाली. काकीने समजावलं, भावाने समजावलं, मी तर हाता-पाया पडले. मला वाटत होतं, एकदा उभी राहिली की होईल सगळं पहिल्यासारखं. शेवटी तयार झाली. मी तिला साडी नेसवली. मी रजा टाकली होती.

मांडव भरला होता. आईने देवांना आवतण दिलं. आवाज बसलेला होता सुरुवातीला, पण गणपती, कुलदेवी, वेशीवरचा देव असं करत करत तो मोकळा झाला. काकीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. नवऱ्याची आजी खुर्चीत बसल्या बसल्या ताल धरत होती. पोरांनी मोबाइल काढले, शूटिंग करायला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हल्ली सगळेच सगळ्याचं शूटिंग करतात. मला मात्र आईची मान ताठलेली दिसली.

पाहुणे यायला लागले. पहिलं घर वरसाव्याचं होतं. वरसाव्याहून आले होते ते माझे मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ, हातात आहेराची पिशवी, डोक्यावर नवी टोपी. लग्नघराशी त्यांचंही लांबचं नातं आहे. दारातल्या केळीच्या खांबापाशी ते रीतीप्रमाणे थांबले आणि बहिणीकडे बघून हसले. 'मांडवाचे दारी गो, कोन पावनं आयलं?' आईने सूर लावला आणि डोकं माझ्याकडे कललं. मी तिच्या कानात मामांचं नाव सांगितलं.

तिने ते घेतलं नाही. काकीने झील धरली, ओळ परत फिरून आली, 'कोन पावनं आयलं', आणि आई पुन्हा तिथेच थांबली. मग तोंडावर पदर धरून तिने मला विचारलं, इतक्या हळू की काकीलाही ऐकू गेलं नाही, "घेव का गो? काय व्हनार न्हाय ना?"

"आये, तुजा भाव हाय तो," मी म्हटलं.

"हां, पन घेव का?"

मी 'घे' म्हणाले. मी मोठ्याने म्हणाले, दोनदा म्हणाले. तिने एकदा वर धरलेल्या मोबाइलांकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं, आणि 'पावनं आयलं, पावनं आयलं' एवढंच म्हणत राहिली. मामा बराच वेळ खांबापाशी थांबले होते. मग त्यांच्या मागे पालीच्या पाहुण्यांची गर्दी झाली, आणि ते तसेच आत आले.